'ठीक आहे' म्हणणारा रुग्ण

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द असा जोडला गेला आहे की तो वगळला तर ओळख अपुरी राहते. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण परत आले नाहीत. पुढच्या लढायांतही गावानं माणसं दिली. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात घरटी एक तरी फौजी असलेली गावं पुष्कळ आहेत. रणात पडलेल्यांची नावं दगडावर कोरली जातात, त्यांच्या नावानं कमानी उभ्या राहतात. पण भरती झालेले बहुतेक जण परत येतात. पंधरा-वीस वर्षं नोकरी करून पेन्शनीत येतात, बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारावर दुसरी नोकरी धरतात, ऊस लावतात, मुलांची लग्नं करतात आणि म्हातारे होतात. १९६५ च्या लढाईत विशीत असलेला जवान आज ऐंशी ओलांडून गेला आहे. १९७१ च्या डिसेंबरात जमालपूरला किंवा आणखी कुठल्या आघाडीवर असलेला पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. हे प्रकरण त्यांच्या शेवटच्या महिन्यांविषयी आहे.

त्यांना गाठणारे आजार काही वेगळे नसतात. बिडी-सिगारेटनं पोखरलेली फुप्फुसं, थकलेलं हृदय, निकामी होत चाललेली मूत्रपिंडं, प्रोस्टेटचा किंवा तोंडाचा कर्करोग, पक्षाघात, विस्मरण. एक दिवस इस्पितळात डॉक्टर मुलाला बाजूला घेतात आणि म्हणतात, ''आता घरी न्या, सेवा करा.'' डॉक्टरांना वाटतं आपण सल्ला दिला. घरच्यांना वाटतं आपल्याला वाटेला लावलं. सेवा करायची म्हणजे नेमकं काय करायचं, कशानं करायचं आणि अडलं तर रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा, हे सांगायला वॉर्डातल्या गर्दीत कुणाला सवड नसते.

फौजी घरात हे महिने अवघड होण्याचं एक कारण औषधांची वानवा हे आहेच. पण त्याच्याइतकंच मोठं कारण म्हणजे न बोलणं. म्हातारा दुखतंय असं म्हणत नाही, घरचे त्याच्यासमोर आजाराचं नाव घेत नाहीत, लढाईचा विषय कधी निघालेला नसतो आणि कागदपत्रांचा विषय काढणं अशुभ मानलं जातं. माझ्या मते घरच्या शुश्रूषेचं निम्मं काम हे मौन वेळेवर मोडण्याचं आहे.

आधी या सेवेविषयी थोडं. बरा न होणाऱ्या माणसासाठीही करण्यासारखं पुष्कळ असतं, हे आधुनिक वैद्यकाला पटवण्याचं श्रेय मुख्यतः सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाईंना जातं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यानं ते काम सुटलं, मग वैद्यकीय समाजसेविका झाल्या आणि चाळिशी जवळ आल्यावर डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. दोनच वर्षांत तिथली माणसं रुग्णांच्या घरी जाऊ लागली. शरीराच्या वेदनेत मनाची, संसाराची आणि श्रद्धेची वेदना मिसळलेली असते, एकीवर इलाज करून बाकीच्या सोडल्या तर पहिलीही हटत नाही, ही त्यांची मांडणी. भारतातलं पहिलं हॉस्पिस १९८६ मध्ये वांद्र्याला निघालं, शांती आवेदना सदन. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं मोफत केंद्र आहे. केरळात १९९३ मध्ये कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून तर गल्लीगल्लीतल्या स्वयंसेवकांचं, रुग्णाच्या घरी जाणारं जाळं उभं राहिलं. महाराष्ट्रात तसं जाळं नाही, हे सरळ सांगितलेलं बरं. मुंबई-पुण्यात घरी येणारी पथकं आहेत. कोरेगाव-खटावकडे सरकलं की ती विरळ होतात आणि मग भार घरावर येतो.

या सेवेला दवाखान्यात 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात, आणि ती घेणं म्हणजे हत्यार टाकणं अशी समजूत पक्की आहे. फौजी घरात तर ही समजूत फार बोचते. ''आमचे तात्या लढवय्ये आहेत, ते हार मानणार नाहीत,'' असं मुलगा डॉक्टरांना अभिमानानं सांगतो. त्याला २०१० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून प्रसिद्ध झालेला एक अभ्यास दाखवावा. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेले १५१ रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले, निम्म्यांना त्याच उपचारांबरोबर पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर दिली. दुसऱ्या गटातल्यांची उमेद अधिक टिकली, शेवटी शेवटी त्यांच्यावर कमी आक्रमक उपचार झाले आणि तरीही ते सरासरीनं पावणेतीन महिने जास्त जगले. एका आजारावरचा, एका इस्पितळातला हा अभ्यास सगळ्यांना सरसकट लागू होत नाही. पण वेदनेवर इलाज केला की माणूस लवकर जातो, ही भीती त्यानं पुष्कळ कमी केली.

आता वेदनेकडे येऊ, कारण फौजी रुग्णाचं वेगळेपण इथं सगळ्यात जास्त जाणवतं.

हेन्री बीचर हे हार्वर्डचे भूलतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर अमेरिकन सैन्याचे डॉक्टर होते. मोठ्या जखमा घेऊन आलेल्या जवानांना ते विचारत, दुखणं थांबवायला काही देऊ का? तीन चतुर्थांश जण नको म्हणत. हाड मोडलेले, पोटात तुकडे घुसलेले जवान नको म्हणत होते. बीचर यांनी १९४६ मध्ये हे निरीक्षण छापलं आणि पुढं नागरी रुग्णांशी त्याची तुलना केली. त्याहून लहान शस्त्रक्रिया झालेले नागरी रुग्ण औषध मागत होते. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की जखमेचा आकार आणि वेदना यांचं साधं गणित नसतं. त्या जखमेचा माणसासाठी अर्थ काय, यावर वेदना ठरते. आघाडीवरच्या जवानासाठी ती जखम म्हणजे जिवंत सुटल्याची पावती होती. घरच्या खाटेवर पडलेल्या ऐंशी वर्षांच्या सुभेदाराच्या हाडात पसरलेल्या कर्करोगाला असा कुठलाच अर्थ नसतो. सवय मात्र तीच राहते. भरतीच्या पहिल्या दिवसापासून अंगात मुरलेली, दुखलं तरी रांग न सोडण्याची.

डेबोरा ग्रासमन या परिचारिकेनं अमेरिकेत फ्लोरिडामधल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात हॉस्पिसचं काम वर्षानुवर्षं केलं आणि २००९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. दुखणं दाबून ठेवण्याचा सैनिकी बाणा रणांगणावर उपयोगी पडतो, मरणशय्येवर तोच आड येतो, हा त्यांच्या अनुभवाचा गाभा आहे. देश वेगळा, लढाया वेगळ्या, पण आपल्याकडची चाळीस वर्षं संसार केलेली कोणतीही फौजीची बायको हे वाचून मान डोलावेल.

तर मग विचारायचं कसं? ''दुखतंय का?'' या प्रश्नाला ''काही नाही, ठीक आहे,'' हेच उत्तर येणार. शून्य ते दहामध्ये किती, असं विचारलं तरी आकडा दोनच्या वर जात नाही. त्याऐवजी हालचालीविषयी विचारावं. रात्री कुशीवर वळता आलं का? सलग किती वेळ झोप लागली? संडासला बसताना धरावं लागलं का? सुभेदारसाहेब अहवाल द्यायला तयार असतात, तक्रार करायला नसतात. भिंतीवर एक तक्ता लावावा, औषधाच्या वेळा, झोपेचे तास, शौचाचे दिवस त्यावर लिहावेत आणि होतं तोवर त्यांच्याकडूनच भरून घ्यावेत. शिस्तीचा उपयोग शिस्तीविरुद्धच होतो. विस्मरण झालं असेल किंवा बोलणं बंद झालं असेल तर चेहरा वाचावा लागतो. कपाळाच्या आठ्या, आवळलेली मूठ, हलवताना रोखून धरलेला श्वास, कुणी हात धरूनही शांत न होणं, या खुणांवरून परिचारिका वेदना मोजतात. घरातल्या सुनेला हे दोन दिवसांत जमतं.

तीव्र वेदनेवरचं मुख्य औषध मॉर्फिन आहे आणि त्याच्याभोवती भीतीचं दाट धुकं आहे. जखमी जवानाला आघाडीवर मॉर्फिनची सुई देतात तेव्हा कुणाला व्यसनाची काळजी पडत नाही. त्याच जवानाला म्हातारपणी गोळी लिहून दिली की सगळं घर दचकतं. ही गोळी महाग नसते. वेदना बघत बघत मात्रा वाढवली तर तिनं मरण ओढवत नाही आणि वेदनेसाठी देखरेखीखाली घेणाऱ्याला व्यसनाचा धोका फार थोडा असतो. बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ हटकून होते, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच रेचक सुरू करावं लागतं. ते लिहून दिलं नसेल तर डॉक्टरांना विचारावं. मूत्रपिंडं थकलेली असतील तर मॉर्फिन शरीरात साठतं, तेव्हा मात्रा किंवा औषध बदलावं लागतं. हा निर्णय घरी घेण्याचा नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं मॉर्फिन इतक्या परवान्यांत अडकवलं होतं की बहुतेक इस्पितळांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनं मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच परवानगीवर ती ठेवता येऊ लागली. तरीही तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते बहुधा मिळत नाही. कर्करोग रुग्णालयातून किंवा पॅलिएटिव्ह केंद्रातून घरी सोडतानाच, पुढचा साठा कुठून आणि कुणी आणायचा हे ठरवून घ्यावं.

घरी आल्यावर पहिली भांडणं होतात ती जेवणावरून. शरीर मिटू लागलं की भूक जाते. माणूस जेवत नाही म्हणून तो चालला आहे असं घरच्यांना वाटतं. वास्तविक तो चालला आहे म्हणून त्याला जेवण नको असतं. बळं बळं भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मागितलं तर दोन चमचे पेज, फळाचा रस, चहा द्यावा. कँटीनच्या रमचा एक घोट मागितला तर डॉक्टरांना विचारून, झोपेच्या गोळ्यांची वेळ बघून तोही द्यावा. या वयात पथ्यानं कुणाचं भलं होणार आहे? मग पाहुणे म्हणतात, ''सलाईन तरी लावा.'' शेवटच्या दिवसांत नसेतून दिलेलं पाणी शरीराला पेलत नाही, ते पायांत आणि फुप्फुसांत उतरतं आणि धाप वाढते. ओल्या कापसानं ओठ, जीभ, हिरड्या ओल्या ठेवणं हे त्याहून जास्त उपयोगी असतं. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणि दर दोन तासांनी कूस बदलणं; गादी आहे म्हणून कूस बदलायचं थांबवू नये. धापेला खिडकी उघडणं, तोंडावर पंख्याचा वारा आणि डोकं उंच ठेवणं यांनी खरोखर आराम पडतो. अखेरीस घशात घरघर सुरू होते. ऐकणाऱ्यांचा जीव कासावीस होतो, पण बहुतेक वेळा रुग्णाला तेव्हा शुद्ध नसते. एका कुशीवर वळवलं की ती कमी होते, न झाल्यास त्यावर औषध आहे. आणि त्या खोलीत बोलताना जपून बोलावं. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमध्ये मेंदूचे आलेख काढून केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचे मेंदूही आवाजाला प्रतिसाद देत असल्याचं दिसलं होतं.

रात्रींचा प्रश्न वेगळा आहे. दिवसभर शांत असलेला म्हातारा रात्री उठून बसतो, नळ्या ओढतो, कुणाची तरी नावं घेऊन हाका मारतो, 'खाली बसा' म्हणून ओरडतो. घरात ही नावं कुणी कधी ऐकलेली नसतात. याला लगेच भूतबाधा किंवा लगेच युद्धाच्या आठवणी ठरवू नये. सगळ्यात आधी ओटीपोट चाचपावं, लघवी तुंबली आहे का बघावं. शौचाला किती दिवस झाले, ताप आहे का, नवी गोळी सुरू झाली का, हे बघावं. म्हाताऱ्या माणसाच्या अशा भ्रमामागं पुष्कळदा तुंबलेली लघवी किंवा संसर्ग असतो आणि तो दूर होताच माणूस भानावर येतो.

त्यानंतरही उरतं ते मात्र जुनं असू शकतं. युद्धानंतर मनावर राहणाऱ्या आघाताला मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० मध्ये, व्हिएतनामच्या लढाईनंतर. आपले ६५ आणि ७१ चे जवान तोवर घरी आलेले किंवा यायला लागलेले होते. त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कामाच्या आणि संसाराच्या रगाड्यात ते दबून राहिलं. शेवटी मेंदूचा पहारा सैल पडला की ते वर येतं. अशा वेळी हात-पाय बांधू नयेत. जो माणूस कधी शत्रूच्या हाती पडण्याला भ्यायला, त्याला खाटेला बांधणं यासारखं क्रौर्य नाही. झोपेत असताना अंगाला एकदम हात लावू नये. पायांच्या बाजूला उभं राहून, आधी नावानं किंवा हुद्द्यानं हाक मारावी. मंद दिवा चालू ठेवावा. गावात लग्नाचे किंवा गणपतीचे फटाके असतील तर दार-खिडक्या लावून जवळ बसावं. ''इथं कुठली लढाई? तुम्ही घरी आहात,'' असा वाद घालण्यापेक्षा ''पहारा लागला आहे साहेब, तुम्ही झोपा,'' या वाक्यानं झोप लागते, असा माझा अनुभव आहे. हे खोटं बोलणं वाटत असेल तर खुशाल वाटू द्यावं.

कधीकधी भानावर असताना तो स्वतःहून काही सांगू लागतो. शेजारी पडलेल्या सोबत्याला उचलता आलं नाही, कुणावर तरी गोळी झाडली ती अजून डोळ्यांपुढून जात नाही. आपली घाई असते ती धीर देण्याची. ''तुम्ही तुमचं कर्तव्य केलं, मनाला लावून घेऊ नका.'' ग्रासमन सांगतात ते इथं पटतं, की अशी तत्पर माफी म्हणजे समोरच्याचं तोंड बंद करणं असतं. ऐकून घ्यावं, हात धरून बसावं, पुढं काय झालं एवढंच विचारावं. ज्याला बोलायचं नाही त्याला उकरू नये. गावात त्यांच्या पलटणीतला कुणी म्हातारा असेल तर त्याला गाडी करून आणावं. दोघं तासभर बसतील, चार वाक्यंही बोलणार नाहीत, आणि त्या रात्री झोप बरी लागेल.

आजाराचं नाव न घेण्याचं आपलं कौटुंबिक नाटकही इथंच मोडावं लागतं. ''त्यांना सांगू नका, खचतील,'' असं मुलं डॉक्टरांना बाहेर गाठून सांगतात. ज्यानं विशीत आपल्या माणसांना मरताना पाहिलं आहे त्याला मरणाची ओळख आपल्यापेक्षा जास्त असते. त्याला स्वतःचं शरीर कळत असतं, आणि घरच्यांना वाईट वाटेल म्हणून तोही गप्प बसतो. एकाच खोलीत सगळे एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत राहतात. डॉक्टरांनी किंवा घरातल्या धीट माणसानं एकदा विचारावं, ''तात्या, आजाराबद्दल सगळं ऐकायचंय का, की आम्ही बघू?'' काही जण ''तुम्ही बघा'' म्हणतात आणि तेही मानावं. पण विचारल्याशिवाय ठरवू नये.

आता त्या बाईविषयी, जिच्याबद्दल अशा पुस्तकांत 'काळजीवाहक' असा कोरडा उल्लेख होतो. नवरा नोकरीत असताना वर्षातले दोन-तीन महिने सुट्टीवर घरी आणि बाकी वर्ष मनिऑर्डर, पत्रं, सासू-सासरे, गुरं, शाळेच्या फिया, आणि रेडिओवर लढाईच्या बातम्या, असा संसार तिनं एकटीनं ओढलेला असतो. तो पेन्शनीत आला तेव्हा घरातला अधिकार त्याच्याकडं गेला, कष्ट तिच्याकडंच राहिले. आता सत्तरी ओलांडल्यावर, गुडघे गेलेले असताना, दर दोन तासांनी तिनं त्याची कूस बदलायची आहे. तीही ''ठीक आहे'' म्हणण्यात तयार असते. म्हणून तिलाही न विचारता, आठवड्यातल्या दोन रात्रींचं तिचं जागरण कुणी घ्यायचं, हे भावकीनं आणि मुलांनी ठरवून टाकावं. पैशांची मदत पाठवणारा मुलगा आणि रात्र जागणारी सून यांचं काम एकसारखं मोजण्याची आपल्याकडची पद्धत बंद व्हायला हवी. अंथरूण धुणारी बाई लावायला लाज कसली?

शनिवारी पुण्याहून येणारा मुलगा हा आणखी एक प्रसंग. आठवडाभर रोज बघणाऱ्यांना उतार दिसत असतो, त्याला तो एकदम दिसतो. मग ''तुम्ही काहीच कसं केलं नाही, आत्ताच्या आत्ता आयसीयूत टाका.'' १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात अशा नातलगाला 'कॅलिफोर्नियाची मुलगी' असं नाव मिळालं होतं. लांब राहण्याचा अपराध तो उपचारांच्या आग्रहानं भरून काढतो. त्याच्यावर रागावण्यापेक्षा त्याला एक रात्र खाटेशेजारी बसवावं.

त्याला दाखवायला एक कागदही असावा. शुद्धीत असलेल्या माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहेच. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालात, शुद्ध गेल्यानंतर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत याचं इच्छापत्र आधी करून ठेवण्याला मान्यता दिली. मूळ पद्धत फार किचकट होती, दंडाधिकाऱ्यापर्यंत जावं लागे. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं. न्यायमूर्तींना जे अशुभ वाटलं नाही ते सुभेदारांना वाटायचं कारण नाही.

माजी सैनिकांना आरोग्याची एक सोय आहे, ती इतर म्हाताऱ्यांना नाही. १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेली ईसीएचएस. पॉलीक्लिनिक, तिथून रेफरल, मग यादीतलं इस्पितळ, पैसे न भरता. या योजनेनं हजारो घरं कर्जापासून वाचवली आहेत आणि तिच्या रांगांविषयी कुरकुर करणारेही कार्ड जिवापाड जपतात. पण तिची सगळी बांधणी इस्पितळाच्या दिशेनं आहे. बायपास लगेच मिळते; घरी येऊन कूस कशी वळवायची हे शिकवणारी परिचारिका मिळत नाही. प्राणवायूचं यंत्र तज्ज्ञाच्या शिफारशीनं मिळू शकतं, त्यासाठी अर्ज आधीच करावा. पॉलीक्लिनिकमध्ये गावागावांतली माजी सैनिकांची यादी असते. तिथून एक गाडी आणि दोन परिचारिका आठवड्यातून घरोघर फिरवणं काही अशक्य कोटीतलं नाही. माजी सैनिक संघटनांनी पेन्शनच्या मागणीइतक्याच जोरात ही मागणी लावून धरायला हवी.

राहिला मृत्यूनंतरचा भाग. घरी मृत्यू झाला तर शेवटी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा लागतो, म्हणून त्यांना घराची परिस्थिती आधीच माहीत असावी. ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांच्या आत करावी. तिरंग्याविषयी कुटुंबात हटकून वाद होतो. ध्वजसंहितेप्रमाणे शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीखेरीज पार्थिवावर राष्ट्रध्वज पांघरता येत नाही, आणि जिथं पांघरतात तिथंही तो चितेत जात नाही. आयत्या वेळी स्मशानात वाद घालण्यापेक्षा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारून ठेवावं. पलटणीतले जुने सोबती मेडल लावून रांगेत उभे राहिले, तर त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

सगळ्यात जास्त त्रास मात्र पुढं कौटुंबिक पेन्शनमध्ये होतो, आणि तो जवळजवळ पूर्ण टाळता येण्यासारखा असतो. आपल्याकडं लग्नात बाईचं नाव बदलण्याची रीत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पलटणीच्या नोंदीत दुसरं, आधारवर तिसरं. जन्मतारीख तर साहेबांच्या कारकुनानं अंदाजानं घातलेली. नवरा जिवंत असेपर्यंत याचं कुणाला काही वाटत नाही. तो गेल्यावर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के एवढी साधी कौटुंबिक पेन्शन सुरू व्हायची तर ही नावं जुळावी लागतात, आणि तिच्या वयाच्या ऐंशीव्या वर्षी २० टक्के, पंच्याऐंशीला ३० टक्के, नव्वदला ४० टक्के अशी जी वाढ मिळते ती त्या जन्मतारखेवरूनच ठरते. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसातून होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. अर्जावर खुद्द सैनिकाची सही असेल तर काम सरळ होतं, विधवेला एकटीनं तेच करायला फार हेलपाटे पडतात. घरात पेन्शनीत आलेला फौजी असेल तर या आठवड्यात ट्रंकेतून डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) बाहेर काढा, आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून बघा, पेन्शनच्या 'स्पर्श' प्रणालीवरची नोंद तपासा आणि चूक असेल तर तात्यांची सही घेऊन अर्ज पाठवा.